बडोद्यातला जुना वाडा दुरुस्तीला काढताना : भिंतीआडचा इतिहास हाती कसा लागतो

वाडा दुरुस्तीला काढला की पहिले आठ दिवस सगळ्यात धोक्याचे. त्या आठ दिवसांत मजूर ‘साफसफाई’ करतात. माळ्यावरची पोती खाली येतात, फडताळं उपटली जातात, फुगलेलं प्लास्टर झोडपून पाडलं जातं आणि संध्याकाळी ट्रॅक्टर मलबा भरून शहराबाहेर जातो. इंजिनीअर येतो तेव्हा घर छान मोकळं झालेलं असतं, आणि त्याच्याबद्दल कळण्यासारखं निम्मं गेलेलं असतं.

रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी या भागांत ज्यांचं वडिलोपार्जित घर आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रत्येक घरात एखादा चुलतभाऊ असतोच, जो खात्रीने सांगतो की आपल्या भिंतीत मोहरांचा हंडा आहे. हंडा बहुधा नसतो. असतात त्या बुजवलेल्या खिडक्या, भावाभावांच्या वाटणीत उभ्या राहिलेल्या भिंती, भाडेकरूंनी मारलेले रंग आणि नळ आल्यावर झाकलेला आड. माझ्या मते वाड्याचा खरा इतिहास त्याच्या दुरुस्त्यांमध्ये असतो. ‘मूळ वाडा’ हुडकायच्या नादात मधली दीडशे वर्षं खरवडून टाकणारे लोक पुष्कळ भेटतात. तेवढं टाळलं तरी पुष्कळ झालं.

कुदळ लागण्याआधी कागद

आधी घर कुठल्या नियमात बसतं ते बघा. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते परवानगीनेच होतं. जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण तीही आधी अर्ज करून. ‘आम्ही नुसतं प्लास्टर करतोय’ म्हणून सुरू केलेलं काम नोटीस येऊन अर्ध्यात थांबलं आणि उघड्या भिंतींवर सगळा पावसाळा कोसळला, असं होताना पाहिलंय. महानगरपालिकेची परवानगी निराळी, ती आर्किटेक्टकडून करून घ्या.

मग घरातले कागद काढा. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड सगळ्यांकडे असतं, पण ते इतिहासाच्या कामाला फारसं येत नाही. खरी खाण म्हणजे जुनी खतं : खरेदीखत, गहाणखत आणि विशेषतः वाटणीपत्र. खरेदीखतात चतुःसीमा असतात, ‘पूर्वेस अमुक यांचे घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस पागा’ अशा. तो बोळ आज नसेल तर तुमच्या दक्षिणेच्या भिंतीत कुठेतरी बुजलेलं दार असण्याची दाट शक्यता आहे. वाटणीपत्रात तर खोल्या नावानिशी येतात : माजघर, मुदपाकखाना, कोठी, वरचा दिवाणखाना. प्रत्येक नाव आजच्या कुठल्या खोलीला लागतं ते पेन्सिलीने लिहीत जा. एखादं नाव शिल्लक राहिलं, त्याला खोलीच सापडेना, की तिथे खूण करा.

घरात कागद नसतील तर गुजरात राज्याच्या दफ्तर भांडाराची बडोद्यात शाखा आहे, तिथे संस्थानी काळातली दफ्तरं आहेत. संस्थानची आज्ञापत्रिका, म्हणजे त्या वेळचं सरकारी राजपत्र, हीसुद्धा बघण्यासारखी असते. नेमणुका, बदल्या, हुकूम त्यात छापून येत. घरातले कुणी कारभारी, फडणीस, शिक्षक असतील तर नाव सापडायची आशा असते. मात्र ‘आमचा वाडा पेशवाईतला’ हे वाक्य खिशात घेऊन जाऊ नका. बडोदं १७३४ मध्ये गायकवाडांकडे कायमचं आलं हे खरं, पण लहरीपुरा दरवाज्याबाहेर पश्चिमेला वाढलेल्या वस्तीतली आज उभी असलेली पुष्कळशी घरं एकोणिसाव्या शतकातली किंवा त्याहीनंतरची आहेत. घर शंभर वर्षांचं निघालं तर त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक काम कागदाइतकंच महत्त्वाचं. घरातल्या सगळ्यात वयस्क बाईंशी बोला. पुरुष मंडळी बहुधा पराक्रम सांगतात. आत्या किंवा मोठी काकू सांगते की चूल कुठे होती, बाळंतिणीची खोली कुठली, कुठल्या दाराला कायम कडी असायची आणि भाडेकरू आल्यावर कुठली खिडकी बंद केली. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि त्यांना शक्य असेल तर घरातून फिरवत फिरवत विचारा. जागेवर उभं राहिलं की आठवतं.

मोजणी : लपलेली जागा अशी सापडते

बाजारातला कुठलाही कॅमेरा किंवा यंत्र जे दाखवत नाही ते साधी टेप दाखवते. प्रत्येक मजल्याचा नकाशा काढा. खोल्यांची आतली मापं, भिंतींची जाडी (दाराच्या उंबऱ्यापाशी मोजा, तिथे ती उघडी असते) आणि घराची बाहेरची लांबी. आतल्या मापांची आणि जाडीची बेरीज बाहेरच्या मापाला लागली पाहिजे. फुटापेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा. तरीही पडला तर आत काहीतरी आहे.

‘काहीतरी’ म्हणजे काय, तर मराठी पद्धतीच्या वाड्यात भिंतीच्या जाडीतून चढणारा अरुंद जिना असतो. दोन भिंतींमध्ये धान्य साठवायचं बळद असतं, ज्यात वरून धान्य ओतायचं आणि खाली छोट्या तोंडातून काढायचं. नाहीतर विटांनी बुजवलेला खोल कोनाडा. भिंतीची जाडी सगळीकडे दोन फूट आणि एकाच ठिकाणी हिशेबाने चार फूट येत असेल तर या तिन्हींपैकी एक धरून चाला.

एका घराच्या वाटणीपत्रात ‘जिन्याखालील कोठी धाकटे यांजकडे’ असं होतं. प्रत्यक्षात जिन्याखाली सपाट भिंत आणि तिच्यावर गॅस एजन्सीचं कॅलेंडर. मोजणीत तिथे साधारण पाच फूट कमी भरले. एक वीट सोडवून नळीचा कॅमेरा आत घातला तेव्हा कोठी जशीच्या तशी होती : दोन फळ्या, एक फुटका रांजण आणि दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा, पाच पाचच्या जुड्यांत. कुणीतरी पोती मोजत होतं. मोठं भांडण झालं असणार, कारण दार विटांनी चिणताना आतला रांजणसुद्धा बाहेर काढायची कुणी तसदी घेतली नव्हती.

नकाशावर प्रत्येक खोलीला खूण द्या, तळमजला ‘त’, पहिला मजला ‘प’, पुढे आकडा. प्रत्येक भिंतीला दिशा. मग फोटो. चारही भिंती, छत, जमीन, आणि प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात खोलीची खूण लिहिलेला कागद आणि एक फूटपट्टी. फोटो सुंदर यायची गरज नाही. सहा महिन्यांनी ‘हा कोनाडा कुठला?’ असा प्रश्न पडला नाही म्हणजे झालं.

भिंत वाचणं

इथे घाई केली की सगळं गेलं, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, उजेड भिंतीवरून घासत जाईल असा. दिवसा सपाट वाटणारी भिंत एकदम बोलायला लागते. बुजवलेल्या खिडकीची चौकट, जुन्या कमानीची गोलाई, उपटलेल्या खुंट्यांच्या जागा, प्लास्टरचे जोड, सगळं सावलीने उठून दिसतं. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावरही भिंतीकडे बघा. वीटकामाचे जुने आणि नवे भाग वेगवेगळ्या वेगाने वाळतात, त्यामुळे बुजवलेल्या दाराचा आकार ओलीतून आपोआप उमटतो. मग लाकडी मुठीने हळू ठोकत जा. भरीव भाग, पोकळ भाग आणि नुसतं सुटलेलं प्लास्टर यांचे आवाज निराळे येतात. खडूने भिंतीवर सीमा आखून फोटो काढा.

मगच भिंत उघडायची, तीही तळहाताएवढी. जागा निवडताना जिथे रंगारी कंटाळतो तिथे जा : कोनाड्याच्या आत, दाराच्या चौकटीवर, छताच्या तुळईलगत. आणि सगळ्यात उत्तम जागा म्हणजे जुन्या लाकडी पट्टीच्या वायरिंगमागे. वीज आली तेव्हा भिंतीवर पट्ट्या ठोकल्या गेल्या आणि त्यानंतरचे सगळे रंग पट्टीवरून गेले. पट्टी अलगद काढलीत की मागे त्या दिवशीचा रंग तसाच असतो. जुने स्विचबोर्ड, भिंतीला जडवलेली कपाटं, फोटोफ्रेमच्या खुंट्या, सगळ्यांना हाच नियम. म्हणून इलेक्ट्रिशियनला सगळ्यात आधी बोलावतात ते चुकीचं आहे. त्याला थांबवा, पट्ट्या तुम्ही काढा.

थर उघडायला सर्जिकल ब्लेड, बारीक पॅलेट नाइफ आणि मऊ ब्रश पुरतात. एका चौकोनात सगळे थर एकदम खरवडू नका. पायऱ्या करा : पहिल्या बोटभर पट्टीत फक्त वरचा थर काढा, दुसऱ्या पट्टीत दोन, तिसऱ्यात तीन. म्हणजे शेवटी सगळे थर ओळीने शेजारी शेजारी दिसतात. वरपासून खाली साधारण असा क्रम येतो : प्लास्टिक इमल्शनची रबरासारखी कातडी, तिच्याखाली पिस्ता किंवा गुलाबी डिस्टेंपर, माजघरात कमरेइतक्या उंचीवर ऑइलपेंटचा तपकिरी पट्टा, मग निळसर झाक असलेला चुना (चुन्यात नीळ घालायची पद्धत होती), मग पांढऱ्या चुन्याचे पातळ पापुद्रे एकावर एक, आणि नशीब असेल तर तळाशी गेरूची रेघ. पापुद्रे मोजून ‘इतकी दिवाळी’ असा हिशेब करायचा मोह होतो. करू नका. सुतक असलेल्या, पैशाची चणचण असलेल्या वर्षी कुणी भिंतीला चुना मारत नसे.

खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, एवढं सूत्र पक्कं धरा. त्याचंच दुसरं अंग : जी गोष्ट थर कापून जाते ती त्या सगळ्या थरांच्या नंतरची. नळाचा पाइप गेरूच्या रेघेला कापून गेला असेल तर रेघ नळाच्या आधीची. आणि नळ कधी आला ते बडोद्यात अंदाजता येतं, कारण सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या आजव्याच्या तलावाचं पाणी शहरात १८९० च्या दशकात आलं. तुमच्या घरात ते त्यानंतर कधीही आलं असेल, पण त्याआधी नक्की नाही.

आणि चौकोनात रंगीत आकृती दिसली तर? एखादं बोट, वस्त्राची किनार, पानांची वेल. अशा वेळी हातातलं हत्यार खाली ठेवा आणि कारागिराला सांगा, ‘काका, ऊभा रहो.’ बडोद्यातल्या वाड्यांमध्ये भित्तिचित्रं असणं ही काही अद्भुत गोष्ट नाही. तांबेकर वाडा भाऊ तांबेकरांचा, जे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण होते. तिथे वरच्या मजल्यांवर भिंतीच काय, लाकूडकामसुद्धा रंगवलेलं आहे. महाभारत, कृष्णकथा आणि मराठे-इंग्रज लढाईचे प्रसंगही आहेत. आपली भिंत उघडण्याआधी तिथे एक चक्कर मारून या. रेघ कशी असते, रंग कुठले, चौकटी किती लहान, हे डोळ्यात बसलं की आपल्या भिंतीवरचा डाग आणि चित्र यातला फरक लगेच ओळखू येतो.

अशी चित्रं बहुतेक वेळा वाळलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली असतात. पाणी लागलं की रंग निघून हातात येतो. ओलं फडकं नको, व्हिनेगर नको, तारेचा ब्रश आणि ग्राइंडर तर मुळीच नको. ‘जरा फेविकॉल लावून पक्कं करतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा प्यायला पाठवा. सुटलेला गिलावा भिंतीला परत धरवणं हे प्रशिक्षित संवर्धकाचं काम आहे. तो सिरिंजने मागे चुन्याचा पातळ घोळ सोडतो. सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग आणि संग्रहालयशास्त्र विभाग दोन्ही आहेत. तिथून योग्य माणसापर्यंत पोचता येतं. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचीही मदत घेता येते. माणूस येईपर्यंत तो भाग सुती कापडाचा पडदा सोडून धुळीपासून झाका. प्लास्टिक चिकटवू नका, आत घाम धरतो.

जमीन, लाकूड, आड

जमिनीखाली फार उकरू नका. पाया हलतो. फरशी बदलायचीच असेल तर एका कोपऱ्यात आधी बघा. शहाबादीखाली कोबा, कोब्याखाली शेणाने सारवलेली जमीन असे थर बरेचदा मिळतात.

लाकडाच्या सांध्यांवर सुतारांनी जोडणीसाठी केलेल्या खुणा शोधा : टिंबं, रेघा, कधी आकडे. त्या क्रमाने असतील तर सांगाडा मूळ जागी आहे. क्रम विस्कटलेला असेल किंवा खांबाला काहीच कारण नसलेली रिकामी खाच असेल तर ते लाकूड दुसऱ्या कुठल्या घरातून आलंय. सागवान कुणी फेकत नव्हतं. आज मात्र जुन्या लाकडाचा दलाल काम सुरू झाल्याचा वास येताच दारात उभा राहतो आणि गणेशपट्टीला (दारावरच्या गणपती कोरलेल्या पट्टीला) रोख भाव सांगतो. घरात सगळ्यांना आधीच बजावून ठेवा.

आड सापडला तर झाकणावर जड पत्र्याची जाळी टाका आणि कुणालाही आत उतरू देऊ नका. बंद आडात हवा विषारी असू शकते आणि उतरणारा माणूस बेशुद्ध पडायला एक मिनिटही पुरतं. माळ्यावरची कबुतरांची विष्ठा झाडताना साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घ्या आणि आधी थोडं पाणी शिंपडा. सिमेंटचे जुने पन्हाळीपत्रे फोडू नका, त्यांत अॅस्बेस्टॉस असतं. बुजवलेलं दार उघडण्याआधी वर तुळई आहे का ते बघून टेकू लावून घ्या. पुष्कळदा ती ‘बिनकामाची’ भिंतच आता वरचा मजला पेलत असते.

वस्तू हाती लागली की

मजुरांना पहिल्या दिवशीच सांगा की काहीही सापडलं तर हलवायचं नाही, हाक मारायची, आणि हाक मारणाऱ्याला बक्षीस. बक्षीस खरंच द्या, तेही फुटक्या बाटलीलासुद्धा. नाहीतर चांगली वस्तू तुमच्यापर्यंत येणारच नाही.

वस्तू जागेवर असताना फोटो, मग नोंद : खोलीची खूण, कुठल्या थरात, जमिनीपासून किती उंचीवर, सोबत काय होतं. नंतर झिपलॉक पिशवी आणि आत चिठ्ठी. एकट्या नाण्यापेक्षा ‘प-२, पूर्व भिंत, चौकटीखालच्या चुन्यात दाबलेलं नाणं’ याची किंमत जास्त आहे, कारण चौकट त्या नाण्याच्या आधीची असूच शकत नाही. नाणं घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू, काहीही नको.

कायदा थोडक्यात. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत, म्हणजे घराच्या भिंतीतसुद्धा, दडवलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची चीज सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवणं गुन्हा आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि परदेशी पाठवायला बंदी आहे. म्हणजे अमेरिकेतल्या भावाला ‘आठवण’ म्हणून मूर्ती देऊन टाकणं इतकं सोपं नाही.

काळ कसा ठरवायचा

घरातल्या क्षुल्लक वस्तू इथे फार उपयोगी पडतात. मंगळुरी कौल उलटं करून बघा, कारखान्याचा शिक्का असतो. बासेल मिशनचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, त्याआधीचं मंगळुरी कौल असणं शक्य नाही. छताला लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या पोटावर उठावाची अक्षरं असतात. इंग्लिश कारखान्याचं नाव असेल तर एक गोष्ट, टाटांचं असेल तर १९१२ नंतरचं, कारण जमशेदपूरला पोलाद त्या वर्षी निघालं. अलेम्बिकचं नाव कोरलेली काचेची बाटली १९०७ नंतरची. माळ्यावर प्रभाकर कंदील मिळाला तर तो बनवणारा ओगल्यांचा काच कारखाना १९१६ चा. रविवर्मा प्रेसचं चित्र असेल तर १८९४ नंतरचं. देव्हाऱ्यामागे किंवा फडताळाच्या तळाला चिकटवलेली वर्तमानपत्रं तर थेट तारीखच देतात. केसरी असेल, बडोद्याचा सयाजीविजय असेल. ती ओरबाडू नका, जागेवरच फोटो काढा.

या सगळ्या ‘याच्यानंतर’च्या तारखा आहेत, हे विसरू नका. जुना गर्डर नव्या घरात बसतो, कंदील माळ्यावर चाळीस वर्षं पडून राहतो. एकाच बाजूला बोट दाखवणाऱ्या तीन-चार खुणा जमल्या की मगच वर्ष लिहा.

बडोद्यात वर्ष वाचण्याचा आणखी एक गोंधळ आहे. मराठी घरात शके, गुजराती वहीत संवत, जुन्या मोडी कागदात सुहूर सन. शकात ७८ किंवा ७९ मिळवा, संवतातून ५७ किंवा ५६ वजा करा. गुजराती संवत दिवाळीनंतर बदलतो, त्यामुळे शके १८१२ च्या चैत्रात संवत १९४६ असतो आणि मार्गशीर्षात १९४७, आणि दोन्ही इसवी १८९०. संस्थानच्या काही जुन्या तांब्याच्या पैशांवरही संवत असतो. तो आकडा इसवी समजून ‘नाणं अगदी अलीकडचं आहे’ म्हणून मुलांना खेळायला दिल्याची उदाहरणं आहेत.

सुहूर सन आकड्यात नसतो, अरबी शब्दांत असतो, आणि उलटा चढत जातो. ‘सन खमस अशर मयातैन व अलफ’ म्हणजे पाच, दहा, दोनशे आणि हजार, मिळून १२१५. त्यात ५९९ मिळवले की १८१४, आणि सन मृगाला बदलत असल्याने पुढच्या जूनपर्यंत १८१५. एकदा सवय झाली की पंचांगापेक्षा सोपं आहे.

मोडी कागद

रुमालात बांधलेलं दप्तर सापडलं तर ते सापडलं तसं, बांधलेल्या क्रमाने ठेवा. कागद कुणी कुठल्या कागदाशेजारी ठेवला यातही माहिती असते. गुंडाळी कडक झाली असेल तर उलगडू नका, मोडते. उन्हात वाळवू नका. धूळ मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडा. सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन गोष्टींनी वाळवीपेक्षा जास्त दप्तरं खाल्ली आहेत. कसर लागलेले कागद बाकीच्यांपासून वेगळे ठेवा.

वाचायला माणूस हवा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकवतात, आणि बडोद्यातही जुन्या घरांतून वाचणारी मंडळी अजून आहेत. कागद न देता स्वच्छ फोटो द्या. आणि अपेक्षा बेताची ठेवा : दहातले आठ कागद उसनवारीचे, किराण्याचे आणि लग्नखर्चाचे निघतात. मला स्वतःला लग्नखर्चाच्या यादीइतकं काहीच आवडत नाही. किती शेर तूप, कुणाला किती आहेर, वाजंत्र्यांना काय दिलं. त्यातून घर कसं चालत होतं ते जितकं कळतं तितकं सनदेतून कळत नाही.

परत बांधताना

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर लावू नका. एवढं एक वाक्य कंत्राटदाराच्या करारात लिहून घ्या. चुना ओल सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग ओल दुसरीकडून वाट काढते, क्षार घेऊन बाहेर येते आणि भिंतीला लोणा लागतो. वरून रंग छान, आतून वीट भुगा. बडोद्याला विश्वामित्रीच्या पुराची सवय आहे. ज्या घरात पाणी शिरतं तिथे तर चुना हवाच, म्हणजे पाणी ओसरल्यावर भिंत वाळू शकेल.

चुना, वाळू आणि सुरकी (विटेची पूड) यांचं जुनं प्रमाण घरातल्याच गिलाव्याचा तुकडा तपासून ठरवता येतं. चुना आधी भिजत ठेवावा लागतो, काम हळू होतं, आणि तरुण कारागिराला त्याचा कंटाळा येतो. तुमच्या गल्लीतला सर्वांत म्हातारा कडिया (गवंडी) शोधा. त्याला गुळाचं आणि बेलाचं पाणी कशासाठी घालायचं ते ठाऊक असतं. त्याला दोन दिवस बसवून तरुणांना दाखवायला लावलंत तर पुढचं काम सुरळीत होतं.

काय उघडं ठेवायचं आणि काय झाकायचं, यावर घरात भांडण होतं. सुनेला कपाटासाठी सपाट भिंत हवी असते आणि तिचं बरोबर असतं, तिला त्या घरात राहायचंय. माझा साधा हिशेब असा : चित्र, लिखाण आणि दुर्मीळ लाकूडकाम उघडं. बुजवलेली दारं-खिडक्या तशाच बुजलेल्या ठेवून गिलाव्यात बारीक खोल रेघ, म्हणजे आकार कळतो. थरांचा एक पायऱ्यांचा चौकोन काचेखाली, एखाद्या कोपऱ्यात. बाकी सगळं नोंद करून झाका. व्यवस्थित झाकलेलं चित्र सुरक्षित असतं, उघडं ठेवून त्यासमोर रोज उदबत्ती लावलेलं नसतं.

शेवटी फाइल. नकाशे, फोटो, थरांच्या नोंदी, कागदांचे फोटो, आत्याचं रेकॉर्डिंग. पेनड्राइव्हवर भरवसा नको, मुख्य पानं छापून घ्या. एक प्रत घरात, एक दुसऱ्या शहरातल्या भावंडाकडे, आणि घेतली तर एक विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला. नकाशाची एक लहान प्रत मीटरबोर्डाच्या दाराला आतून लावा. झाकलेलं चित्र, बळद, पोकळ भिंत आणि आड तिच्यावर लाल शाईने दाखवा. पुढच्या वेळी एसी बसवायला येणारा मुलगा ड्रिल काढण्याआधी तिथेच मेन स्विच बंद करायला जातो.